लाकडाचा भाव आणि वर चढणाऱ्याचा भाव

बांधावरचा लिंब विकायचा म्हटलं की लाकडाचा व्यापारी आपण होऊन दारात येतो. बुंध्याला कवेत घेऊन जाडी बघतो, भाव पाडायला म्हणून झाडाला चार नावं ठेवतो आणि इसार देऊन जातो. तोच लिंब घरामागच्या परसात असला तर हाच माणूस आधी शेंड्याकडे बघतो, मग शेजाऱ्याच्या पत्र्यांकडे, मग गल्लीतल्या तारांकडे, आणि म्हणतो, "वायरमनसाहेब, याचे तुम्हालाच द्यावे लागतील."

आमच्या फुलंब्रीत हे कुणाला पटत नाही. लाकूडही त्याला द्यायचं आणि वर पैसेही द्यायचे, हा कुठला न्याय, असं पारावर बसणाऱ्या प्रत्येकाचं म्हणणं. माझं म्हणणं याच्या उलट आहे. परसातलं मोठं झाड उतरवायचे आज जे पैसे मागतात, ते जास्त नाहीत, कमी आहेत. मी आधी वीज मंडळात आणि 2005 साली मंडळाच्या कंपन्या झाल्यावर महावितरणमध्ये लाईनमन होतो. खांबावर चढूनच घर चालवलं. उंचीवर काम करणाऱ्याची किंमत खालून बघणाऱ्याला कळत नाही, एवढं त्या नोकरीत नक्की कळलं.

आता माझ्याच लिंबाचं सांगतो. नोकरी लागली त्या सुमारास, 1984-85 च्या आसपास, मी तो लावला. तेव्हा घरामागे मोकळं रान होतं. पुढे गावठाण भरत गेलं. आज डाव्या अंगाला पत्र्याचं घर आहे, उजव्या अंगाला दुमजली स्लॅब, आणि मागे एवढा अरुंद बोळ की मोटारसायकल वळवायची तर दोनदा मागेपुढे करावी लागते. घरं वाढली तसं झाडही वाढलं. मध्ये एका वळवात मोठी फांदी खांद्यापासून निखळली, त्या जखमेत पाणी मुरत गेलं आणि बुंध्याला ढोली पडली. मूठ आपटली की पोकळ आवाज यायचा. झाडाचा कल पत्र्याच्या घराकडे होता, आणि त्या पत्र्याखाली दोन लेकरं झोपत होती. एवढं कळल्यावर लिंबाच्या सावलीवर आणखी गप्पा मारण्यात अर्थ नव्हता.

भाव काढायला लागलो. गावातल्या एकाने 7 हजार सांगितले, लाकूड त्याचं. पद्धत विचारली तर म्हणाला, शेंड्याला सोल बांधू, ट्रॅक्टरने ओढू, बुंध्यात कटर घालू. पत्र्यावर पडलं तर? "तर चार पत्रे नवीन घालून देऊ की." पत्र्याखाली काय असतं ते त्याच्या हिशेबात नव्हतं. छत्रपती संभाजीनगरच्या एका माणसाने फोनवर 35 हजार सांगितले, क्रेनसकट. बोळाची रुंदी सांगितल्यावर तो हसला आणि फोन ठेवला. शेवटी सिल्लोडकडची एक टोळी आली. मुकादम आधी सगळीकडून फिरला, वर चढणाऱ्या पोराने बुंध्याला कान लावला, मग दोघं बाजूला जाऊन बोलले. भाव आला: लाकूड तुम्ही ठेवलं तर 22 हजार, आम्ही नेलं तर 16 हजार.

माझ्या थोरल्याने लगेच मोबाईलवर हिशेब मांडला की 16 हजारात तर नवा फ्रिज येतो. म्हटलं, आधी त्यांचा हिशेब मांड. काम दोन दिवसांचं. वर चढणारा रोजचे 2,500 घेतो, त्याचे 5,000. खाली दोर धरणारे चौघे, 700 रुपये रोज, त्यांचे 5,600. मशीनचं पेट्रोल, ऑइल, साखळीची धार, मिळून 1,800. ट्रॅक्टरच्या दोन खेपा, 2,400. बेरीज 14,800. मुकादमाला उरले 1,200 आणि लाकूड. लाकडाचे 6 हजार त्याने आधीच वजा धरलेले. लिंबाला वाळवी सहसा लागत नाही म्हणून सरळ खोडाची चौकट होते, पण ढोली पडलेल्या खोडाची चौकट कुणी करत नाही. असलं लाकूड वीटभट्टीला किंवा चुलीला जातं, आणि त्याला जळणाचाच भाव.

या बेरजेत मी जे शोधत होतो ते कुठेच सापडलं नाही. ते काय, ते पुढे येईल. आधी काम कसं झालं ते सांगायला हवं, कारण पारावरच्या मंडळींना झाड पडताना माहीत आहे, उतरवताना माहीत नाही. आमचा जळगाव रस्ता चौपदरी व्हायला लागला तेव्हा कडेचे जुने वड सगळ्यांनी डोळ्यांदेखत आडवे झालेले पाहिले. मोकळी जागा, मोठी यंत्रं, बघता बघता वड जमिनीवर. झाड तोडणं म्हणजे एवढंच, असं तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसलंय. परसात जेसीबी येत नाही आणि झाड आडवं व्हायला तिथे जागाच नसते. वरून खाली, तुकड्या तुकड्याने आणावं लागतं.

पोरगा वर गेला तो कमरेला दोर आणि पाठीला कुऱ्हाड लावून. कटर त्याने नंतर मागवला, कारण बारीक फांद्यांत ते मशीन सांभाळण्यापेक्षा कुऱ्हाड बरी. आधी शेजाऱ्याचे पत्रे काढून भिंतीशी लावून ठेवले होते. गल्लीतली लाईन बंद करून घेतली होती आणि आमची सर्व्हिस वायर सोडवली होती, ते माझं खातं. मोठ्या फांदीला दोन ठिकाणी सोल बांधायचा, एक टोक खालच्या जाड बेचक्यातून फिरवून खालच्या चौघांच्या हातात द्यायचं. मग फांदीला आधी खालून खाप घालायची आणि नंतर वरून कापायची. खालची खाप घातली नाही तर फांदी तुटताना साल सोलत बुंध्यापर्यंत येते आणि वरच्या माणसाला सोबत घेऊन जाते. फूटभर जाडीची, दहा फूट लांबीची ओली फांदी सहज दोनशे किलो भरते. ती दोरावर झोका घेत खाली येते तेव्हा चौघांच्या टाचा जमिनीत रुततात. एकदा दोर बेचक्यात अडकला. फांदी मध्येच लोंबकळत राहिली आणि वरचा पोरगा तिच्या आणि खोडाच्या मधे. खाली कुणी ओरडलं नाही. मुकादम एवढंच म्हणाला, "सैल नका सोडू, मी सांगतो." त्या वेळी तिथे पारावरचं कुणी असतं तर 16 हजाराचा विषय संपला असता.

पोराच्या डोक्यावर टोपी होती, क्रिकेटची. पायात स्लीपर होती, ती त्याने चढताना काढली.

खांबावर चढायचं तर आमच्याकडे शिस्त होती. आधी लाईन बंद केल्याचं परमिट हातात घ्यायचं, तार मेली आहे हे पाहायचं, डिस्चार्ज रॉड लावून अर्थिंग करायचं, हेल्मेट, मोजे, पट्टा, आणि मगच पहिलं पाऊल. एवढं करूनही अपघात व्हायचे. पण काही झालं तर मागे खातं होतं, नुकसानभरपाई होती, घरच्यांना कुठेतरी दाद मागता यायची. झाडावरच्या पोराच्या मागे काय आहे? जेवायला बसलो तेव्हा विचारलं, विमा आहे का रे? तो हसला. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपये खात्यातून कापले जातात आणि अपघाती मृत्यू आला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 2 लाख मिळतात, अठरा ते सत्तर वयातल्या कुणालाही. ही योजना 2015 पासून चालू आहे. त्याचं बँकेत खातं होतं, पण फॉर्म कुणी भरून घेतला नव्हता. मुकादमाचाही नव्हता.

मी बेरजेत शोधत होतो ते हेच. पोराचं पडणं त्या 16 हजारात कुठेच धरलेलं नव्हतं. ते धरलं, चांगला दोर, हेल्मेट, पट्टा आणि विमा धरला, तर भाव 20 हजारांच्या पुढे जाईल. तो गेला पाहिजे. आणि आपण काय करतो? 16 हजारावरून 13 वर आणायला अर्धा तास घालतो. तीन हजार कमी झाले की ते मुकादमाच्या खिशातून जात नाहीत. चौघांतला एक माणूस कमी होतो, दोन दिवसांचं काम दीड दिवसात उरकलं जातं, दोर जुनाच वापरतात. मी घासाघीस करू नका म्हणत नाही. मीही लाकडावर घासाघीस केली आणि चुलीपुरतं जळण ठेवून घेतलं. ट्रॅक्टरच्या खेपेवर घासाघीस करा, खुंट काढायच्या पैशावर करा. माणसांवर आणि दोरावर करू नका.

ज्यांना हे पैसे झेपत नाहीत ते काय करतात, हे मी गल्लीबोळांत फिरताना इतक्या वर्षांत पाहिलं आहे. रोज संध्याकाळी बुंध्याशी कचरा जाळतात. सालीचं कडं काढतात. बुंध्याला भोक पाडून कुणी हिंग भरतं, कुणी मोरचूद. झाड हळूहळू वाळतं आणि मालकाला वाटतं काम फुकटात झालं. वाळलेलं झाड हे सगळ्यात वाईट झाड. त्याची फांदी वाकत नाही, काडकन तुटते. दोर कुठे बांधावा याचा भरवसा राहत नाही, आणि जाणता माणूस त्यावर चढायलाच नकार देतो. चढला तर दुप्पट मागतो आणि ते बरोबरच असतं. हिरवं असताना 16 हजारात उतरलं असतं, तेच वाळल्यावर 30 हजारालाही कुणी हात लावत नाही. मग ते वादळाची वाट बघत उभं राहतं.

वादळाचं सांगायचं तर पारस आठवतं. अकोला जिल्ह्यातल्या बाळापूर तालुक्यात, 9 एप्रिल 2023 ला, रविवारी रात्री वादळी पाऊस आला. बाबूजी महाराज संस्थानाच्या आवारातला जुना मोठा लिंब पत्र्याच्या शेडवर कोसळला. आडोशाला उभे असलेले सात जण गेले. त्या झाडाला आतून काय झालं होतं ते मला माहीत नाही आणि मी त्यावर बोलणारही नाही. पण लिंब आणि त्याखाली पत्रा, ही जोडी आमच्या मराठवाड्यात घराघराला आहे. सावलीसाठीच आपण पत्रा झाडाखाली टाकतो. ते झाड किती जड असतं हे त्या रात्रीनंतर तरी कुणाला सांगावं लागू नये.

कायद्याचंही थोडं बोलायला हवं, कारण पारावर त्याचा फार गोंधळ आहे. आम्ही ग्रामपंचायत होतो तेव्हा लिंब तोडायला फारसं कुणी कुणाला विचारत नसे. खेड्यांना 1964 चा वृक्षतोड अधिनियम लागू आहे, आणि त्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह अशी झाडं आहेत, लिंब नाही. नगरपंचायत झाल्यापासून परवानगी घ्यावी लागते. शहरांसाठी 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम आहे. 2021 साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडाला प्राचीन वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची असं ठरलं. खेड्यांच्या कायद्यातला विनापरवाना तोडीचा दंड 1 हजारावरून 50 हजारांवर न्यायचं मंत्रिमंडळाने 2024 च्या ऑगस्टमध्ये ठरवलं, तेव्हा शेतकऱ्यांनी बरीच ओरड केली. मला हे सगळे नियम मान्य आहेत. उन्हाळ्यात फुलंब्रीचं तापमान काय होतं ते इथे राहणाऱ्याला माहीत आहे, झाड सहजासहजी तुटता कामा नये. माझं झाड धोकादायक होतं, पाहणी झाली, परवानगी मिळाली, कुणी अडवलं नाही.

पण तो अर्ज भरताना एक गोष्ट खटकली. झाड कोणतं, घेर किती, कारण काय, फोटो, मालकीचा कागद, हे सगळं मागतात. झाड कोण उतरवणार, हे कुणी विचारत नाही. दोर कसला आहे, वर जाणाऱ्याचा विमा आहे का, शेजाऱ्याला कळवलं आहे का, लाईन बंद करून घेतली का, यासाठी एक रकानाही नाही. झाडाच्या जिवाची चौकशी होते आणि माणसाच्या जिवाची होत नाही. तो रकाना वाढवायला सरकारी तिजोरीतून छदाम लागत नाही. विम्याची पावती जोडल्याशिवाय परवानगी नाही, एवढं एक वाक्य छापलं तर सिल्लोडचा तो मुकादम पुढच्या आठवड्यात पाच जणांना घेऊन बँकेत जाईल. पाच जणांचे 100 रुपये होतात.

माझा पुतण्या न्यू जर्सीत आहे. त्याच्या अंगणातला ओक काढायला त्याला दोन हजार डॉलरच्या वर मोजावे लागले, त्यावरून तो अजून कुरकुरतो. पण तो म्हणाला की काम ठरवण्याआधी त्याने पहिल्यांदा कंपनीच्या विम्याचा कागद मागितला, कारण तो नसेल आणि माणूस पडला तर घरमालकच कोर्टात जातो. आपल्याकडे डॉलर नको, पण कागद मागायची ती सवय फुकट घेता येईल.

आणि झाड काढायची वेळ येऊच नये म्हणून काय करता येईल, याबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो. छाटणीला काढण्याच्या पाव पैसेही लागत नाहीत. पण छाटणी म्हणजे झाड बोडकं करणं नव्हे. आमच्याकडे माणूस आला की शेंडा उडवून खुंटासारखं करून जातो, आणि मालकाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. त्या खुंटातून जे नवे फुटवे येतात ते वरवर चिकटलेले असतात, आणि चार-पाच वर्षांनी तेच जड होऊन वाऱ्यात निखळतात. तारांकडची बाजू छाटलेल्या झाडाचंही असंच आहे. ते काम तारेसाठी बरोबर असतं, पण मग झाडाचा सगळा भार उरलेल्या बाजूला, म्हणजे बहुतेक वेळा घराकडे जातो. समोरची बाजू कापली की मागचीही थोडी हलकी करून घ्यावी. पानगळ झाल्यावर, फाल्गुनात, फांद्यांची रचना नीट दिसते तेव्हा वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. हे काम शिकलेली माणसं तालुक्यात बोटांवर मोजण्याइतकी आहेत. आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स असतो तसा याचाही असावा असं मला वाटतं, पण तो वेगळा विषय आहे.

राहिला प्रश्न, ज्याच्याकडे 16 हजारही नाहीत त्याचा. आमच्या मागच्या आळीत एक म्हातारी एकटी राहते. तिच्या परसातली चिंच सार्वजनिक बोळावर झुकलेली आहे. शाळेची पोरं त्याच बोळातून जातात. धोका सगळ्या गल्लीला आहे आणि पैसे मात्र निराधार योजनेच्या अनुदानावर जगणाऱ्या बाईने द्यायचे. 1975 च्या कायद्यात वृक्षकराची तरतूद आहे, नगरपालिकांच्या घरपट्टीच्या बिलात त्याचा रकाना असतो. तो पैसा रोपं लावण्यावर खर्च होतो आणि पाच जूनला त्याचे फोटो छापून येतात. लावा, जरूर लावा. पण त्यातला काही हिस्सा बोळावर झुकलेली अशी झाडं हलकी करायला किंवा उतरवायला बाजूला काढायला काय हरकत आहे? आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी चांगल्या दोरांचा, पट्ट्यांचा, हेल्मेटचा एक संच घेऊन ठेवावा, टोळीला तो भाड्याने द्यावा, अनामत घेऊन. लग्नाची भांडी समाजमंदिरातून भाड्याने मिळतात, मग हे का मिळू नये?

म्हातारीच्या चिंचेचा अर्ज मी तिच्यासाठी लिहून दिला आहे. कोण उतरवणार, हा रकाना अर्जात नव्हता, म्हणून खाली कोऱ्या जागेत हाताने लिहिलं: विमा काढलेल्या माणसानेच चढावं, आणि लाईन आधी बंद करावी.